पसाकाची उत्तरं

शेख हिरमिज आमच्या गावात दोनदा मेले. पहिल्यांदा माझ्या लग्नात, आणि दुसऱ्यांदा खरोखरचे. पहिल्या वेळी गाव पोटभर जेवलं, दुसऱ्या वेळी गाव भांडलं. रडलं मात्र एकदाही नाही. मेलेल्यासाठी आमच्यात रडायचं नसतं. आसवांची नदी होते आणि जाणाऱ्याला ती ओलांडावी लागते. बाकीचे नियम गावानं सोयीनं पाळले, हा अगदी मनापासून पाळला.

आधी लग्नाचं सांगते.

माझा पहिला नवरा खलफ लढाईत गेला. दलदलीच्या आघाडीवर कुठेतरी राहिला, प्रेतही आलं नाही. मी तेव्हा अगदी कोवळी होते, पदरात मूल नव्हतं, आणि दोघे दीर माझ्याकडे घरातली अडगळ बघावी तसे बघायचे. कलअत सालेह या आमच्या गावात, नदीवर उपासना करणाऱ्या आमच्या लोकांची घरं ती किती, पण त्या वर्षांत गल्लीगल्लीत एखादी तरणी विधवा बसलेली असायची. नावा बांधणाऱ्या नईमनं माझ्यासाठी विचारलं. मी हो म्हटलं. पण लग्न लावणार कोण?

आमच्यात विधवेचं लग्न लावलं की लावणारा शेख, म्हणजे आमचा पुरोहित, बाटतो. तो पसाक होतो, म्हणजे तोडलेला. मग त्याला कुणाला नदीत स्नान घालता येत नाही, मेलेल्याचा पाठ करता येत नाही, दुसऱ्या शेखच्या हातात हात देता येत नाही. विधवांची आणि टाकलेल्या बायकांची लग्नं लावायची, एवढं एकच काम त्याच्या वाट्याला उरतं. पूर्वी असा एक म्हातारा सूक-अश-शुयूखला होता. तो वारला आणि त्याची जागा घ्यायला कुणी पुढे येईना. कोण येईल? शेख होण्यासाठी माणूस लहानपणापासून घोकंपट्टी करतो, आणि मग एका दिवसात सगळं नदीत सोडून द्यायचं?

गावातले लोक शेख हिरमिजकडे गेले. पुढे होता अबू जब्बार. चांदीचं काम करणारा, पैसेवाला, गावात त्याचा शब्द चालायचा. त्याची थोरली मुलगी विधवा होऊन घरी परत आली होती.

"शेख," तो म्हणाला, "तुम्ही एक पायरी खाली उतरलात तर आमच्या पोरींची घरं उभी राहतील. तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचू आम्ही."

"डोक्यावर नको बाबा," शेख म्हणाले, "चक्कर येते मला. दारात आलो तर 'बसा' म्हणा, बास."

सगळे हसले. म्हणायला काय जातंय? सगळ्यांनी हो म्हटलं.

मग शेख माझ्याकडे आले, कारण रांगेत मी पहिली होते. दीर बसले होते समोर. शेखनी त्यांना सरळ उठवलं. "जरा पाणी घेऊन या," म्हणाले, आणि ते गेल्यावर मला विचारलं, "नज्मिया, तुला खरंच लग्न करायचंय, की ही माणसं तुला घराबाहेर काढतायत?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"नईम आवडतो?"

मी मान खाली घातली. तेव्हा लाजायचे मी अजून.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि उठले. आयुष्य मोडायला इतका थोडा वेळ लागतो हे मी त्या दिवशी पाहिलं. माझं नाही, त्यांचं.

आमच्या प्रार्थनांमध्ये उत्तरांच्या प्रार्थना म्हणून एक मोठा भाग आहे. एकानं ओळ म्हणायची, समोरच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर ओळ तशीच लोंबकळत राहते, पुढे जाता येत नाही. माझ्या लग्नात नदीच्या पाण्यात समोर उभा होता सलवान. शेखांचाच शिष्य, त्यांनीच त्याला शेख केलेलं, त्यांनीच त्याला एकेक उत्तर घोकून घेऊन शिकवलेलं. आवाज असा की काठावरच्या म्हशीसुद्धा माना वर करायच्या. लग्न लागेपर्यंत शेख हिरमिज अजून शेख होते, तोवर सलवाननं उत्तरं दिली. मग लग्न लागलं. शेखनी पुढची ओळ म्हटली आणि थांबले. सलवाननं आपली काठी उचलली, पांढऱ्या पोशाखाचा घोळ सावरला आणि पाणी निथळत काठ चढून निघून गेला.

माझा ओला हात नईमच्या हातात. दोघंही खालमानेनं उभे. शेखनी जरा वाट पाहिली. मग आवाज थोडा बदलून स्वतःच उत्तर दिलं, आणि पुन्हा आपल्या आवाजात पुढची ओळ. असं करत करत शेवटापर्यंत गेले. वरती अबू जब्बारच्या अंगणात भाताच्या पराती लागल्या होत्या, माणसं अधीर झाली होती.

त्यानंतर शेख हिरमिज गावाच्या टोकाला, नदीकडच्या एका मातीच्या घरात राहू लागले. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. अबू जब्बारच्या थोरलीचं लग्न त्यांनी लावलं, आणखी कितीतरी जणींची लावली. आणि 'बसा' म्हणायचं कबूल केलेलं गाव त्यांना दाराबाहेरच्या बाकावर चहा देऊ लागलं. पेला वेगळा. अबू जब्बारची बायको तो पेला नंतर तांब्याच्या चिमट्यानं उचलायची, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सलवान अमाऱ्याहून, जवळच्या शहरातून, स्नानं घालायला यायचा, आणि समोरून शेख दिसले की त्याला नेमकं पलीकडच्या दुकानात काम निघायचं.

मी चिडायचे. शेख नाही चिडायचे. रोज उजाडता ते नदीवर उभे राहून प्रार्थना म्हणायचे, ओळही त्यांची आणि उत्तरही त्यांचं. मी धुणं घेऊन तिथेच असायचे. "शेख, कंटाळा येत नाही?" मी एकदा विचारलं.

"कसला? मी बोलतो तेही बरोबर आणि समोरून येतं तेही बरोबर. इतकं नशीब कुठल्या शेखचं असतं?"

नईम म्हणाला, "मी देऊ का उत्तर? ऐकून ऐकून पाठ झालंय."

"तू? विधवेचा नवरा तू. माझ्याहून बाटलेला."

"आणि मी?" मी म्हटलं.

"तू तर बोलूच नकोस बाई. सगळी सुरुवात तुझ्यापासून," असं म्हणून ते इतके हसले की खोकला लागला.

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती त्यांनी मला मोकळेपणानं सांगितली होती. माणूस जायच्या आत, श्वास अंगात असताना, त्याला नदीच्या पाण्यानं आंघोळ घालून पांढरा पोशाख चढवावा लागतो. मग तिसऱ्या दिवशी शेख बसून त्याचा आत्मा वर चढवायचा पाठ करतात, उत्तरांसकट. पोशाखाविना श्वास गेला तर तो पाठ चालत नाही. माणूस खालीच अडकतो.

"पसाकाचा पाठसुद्धा करतात, बरं का," ते म्हणाले. "कपडे तेवढे अंगावर पाहिजेत. बाकी मला काही नको. तेवढं बघशील का, उम्म सलाम?"

उम्म म्हणजे आई; सलाम हा माझा मुलगा, तेव्हा रांगत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बघेन."

तो मुलगा मोठा झाला, मिशा फुटल्या. एक लढाई संपली, दुसरी झाली, बाजारात औषध मिळेनासं झालं. शेख त्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले. पाय सुजले, पाणीसुद्धा पचेना. अबू जब्बार मधूनमधून माणूस पाठवून चौकशी करायचा. त्याला काळजी शेखांची नव्हती. त्याची धाकटी मुलगी सुआद दोन वर्षांपूर्वी विधवा झाली होती, बसऱ्याचा एक सोनार तिच्याशी लग्नाला तयार होता, आणि शेख जरा उठून उभे राहिले की ते लग्न उरकायचं असं ठरलं होतं.

शेख उठले नाहीत. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "आज," एवढंच म्हणाले.

मी नईमला पळवलं. मरणाऱ्याला पोशाख चढवायला चार सोवळी माणसं लागतात. सोवळी म्हणजे ज्यांच्या पूर्वजांच्या आणि स्वतःच्या लग्नात कुठे डाग नाही अशी; मुलीचा डाग बापाला लागत नाही. नईम चालत नव्हता, तो माझा नवरा. शेखांनी ज्यांची ज्यांची लग्नं लावली ते सगळे कळताच धावत आले आणि कुंपणाबाहेर उभे राहिले, कारण त्यांच्यातला एकही चालत नव्हता. त्यांच्यासाठी जीव टाकणारी माणसं बाहेर, आणि ज्यांना हात लावायची मुभा ती आत.

आत कसली, अंगणात. अबू जब्बार आला, त्याचा भाऊ आला, शाळेतला मास्तर आला, गावातलाच एक सोनार आला. सलामनं नदीचं पाणी भरून आणलं. मी पेटी उघडून दोन्ही पोशाख बाहेर काढून ठेवले. एक साधा, सगळ्यांचा असतो तो. एक शेखांचा, त्यावर घालायचा रेशमी मुकुट घडी करून ठेवलेला. मला वाटलं, मी फार शहाणपणा केला.

"हा घाला," अबू जब्बार मुकुटाकडे बोट दाखवून म्हणाला.

"हा कसा?" मास्तर म्हणाला. "पसाक आहेत ते. शेखांचा पोशाख पसाकाला घातला तर घालणारा बाटेल."

"मग साधा घालायचा? मुकुट चढलेल्या माणसाला साधा घातला तर घालणारा बाटणार नाही?"

"मुकुट होता तेव्हा होता."

"चढलेला मुकुट उतरत नसतो, मास्तर. शास्त्र आहे."

"तुम्ही कधीपासून शास्त्र वाचायला लागलात?"

"तुमच्या वडलांनी तरी वाचलं होतं का?"

मी मध्ये पडले. "अहो, कुठलाही घाला! दोन्ही पांढरेच आहेत!"

"उम्म सलाम, बायकांनी यात पडू नये," सोनार म्हणाला. "हे सोपं नाही."

खरंच सोपं नव्हतं. चौघांनाही मुलीबाळी होत्या, चौघांनाही आपलं सोवळं जपायचं होतं. एकाचाही हात पाण्याच्या मडक्याकडे जाईना. शेवटी असं ठरलं की अमाऱ्याला मोटार पाठवायची आणि शेख सलवानला विचारायचं. जाऊन यायला तासाच्या वर. मोटार गेली. आणि ती गेल्यावर तर सगळ्यांना हायसं वाटलं, कारण आता निर्णय त्यांच्या डोक्यावर नव्हता. अबू जब्बारनं चहा मागितला. माझ्याकडे!

मी आत गेले. शेखांना सगळं ऐकू येत होतं.

"कशावरून चाललंय?"

"तुमच्या कपड्यांवरून."

"लग्नातल्या नवरदेवासाठीही एवढी चर्चा होत नाही," ते म्हणाले. हसायला गेले, जमलं नाही.

मी पुन्हा बाहेर आले. हात जोडले. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "मोटार येईपर्यंत ते राहायचे नाहीत. तुमच्या मुलींची घरं त्यांनी बसवली. बाटलात तर नदी आहे, स्नानं घ्या, शुद्ध व्हा. पण आत चला."

अबू जब्बार उठला, खरं सांगते, उठला तो. भावानं त्याची बाही धरली. "थांब की जरा. सलवान काय म्हणतो बघू." तो परत बसला.

मी आत आले तेव्हा शेख प्रार्थना म्हणत होते. उत्तरांची प्रार्थना. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. मला आधी वाटलं, दम घेतायत. मग कळलं, उत्तर द्यायला त्यांच्याकडे श्वासच उरला नव्हता. एका ओळीपुरताच होता. ते माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं धुणं धुता धुता ऐकलेलं, मला सगळं येत होतं. बाई, त्यातून दुसऱ्यांदा लग्न केलेली. माझ्या उत्तराला वर कुणी विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी दिलं. त्यांनी पुढची ओळ म्हटली. मी उत्तर दिलं. मग त्यांनी आणखी एक ओळ सुरू केली आणि ती अर्धीच राहिली. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा जुना अंगरखा होता, मीच कोपरावर ठिगळ लावलेला.

मी त्यांचे डोळे मिटले. बाहेर येऊन म्हटलं, "आता भांडा सावकाश."

मग काय झालं माहीत आहे? क्षणात एकमत झालं. चौघंही आत धावले, घाईघाईनं पाणी ओतलं आणि शेखांचा पोशाख चढवला. मुकुटसुद्धा. मास्तर स्वतः तो नीट बसवत होता. कुणी मेल्यावर माणसं फार उदार होतात. सगळं आटोपलं तेव्हा मोटार परत आली. सलवानचा निरोप होता, कुठलाही घाला, पण ताबडतोब घाला.

तिसऱ्या दिवशी सलवान आला. बरोबर नासिरियाचे एक वृद्ध शेख, कानानं अधू, पण नियमांचे पक्के. नदीकाठच्या आमच्या प्रार्थनाघराच्या अंगणात झाडलोट झाली, पाठाच्या छोट्या भाकऱ्या भाजायची तयारी झाली. आम्ही बायका कुंपणाशी बसलो. गावाचे चेहरे उजळले होते. मोठं पाप टळलं अशा समाधानानं सगळे पाठाला जमले होते.

पाठ सुरू करायच्या आधी विचारायची रीत आहे. सलवाननं त्या चौघांना समोर उभं केलं आणि विचारलं, "पोशाख चढवला तेव्हा श्वास अंगात होता?"

"होता," चौघं एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्या माणसासाठी गावानं दिलेलं ते पहिलं उत्तर.

"नव्हता," मी म्हटलं.

माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला. मी उभी राहिले. "नव्हता. ते गेले, मी डोळे मिटले, मग ही माणसं आत आली. हे बाहेर चहाची वाट बघत होते."

"बाईमाणूस आहे, घाबरली होती," अबू जब्बार म्हणाला. "हिला काय कळतंय!"

"मला श्वास कळतो, अबू जब्बार. तुमच्यासमोर हात जोडून मी तोच मोजत होते."

वृद्ध शेखनी कानाला हात लावला. "काय म्हणतेय ती?"

सलवान त्यांच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "श्वास नव्हता म्हणतेय!"

वृद्ध शेखनी त्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. कुणीही नजर वर केली नाही. त्यांनी हातातलं पीठ खाली ठेवलं. "मग आपण इथे काय करतोय?" ते म्हणाले.

माझ्या नावानं तिथेच बोटं मोडली गेली. एकजण म्हणाली, "तोंड बंद ठेवायला काय झालं होतं? म्हाताऱ्याची वाट अडवलीस." पण खोट्यावर केलेला पाठ वर पोचत नाही हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांना शेखना वर पाठवायचं नव्हतं, आपल्याला घरी जायचं होतं.

मी वृद्ध शेखना ओरडून विचारलं, "यावर उपाय आहे ना? मी ऐकलंय, आहे."

उपाय होता. जिवंत माणसानं मेलेल्याच्या नावानं पोशाख घालायचा, नदीत उतरायचं, त्याच्या जागी उभं राहायचं. मग पाठ होतो आणि तो मेलेल्याला पोचतो. "पण तो त्याच्याच पायरीचा लागतो," वृद्ध शेख म्हणाले. "साध्याला साधा, शेखला शेख. पसाकाला पसाक."

"आणि पसाक कुठे आहे?"

"कुठेच नाही. हा शेवटचा होता."

आणि मला ते एकदम दिसलं. इतकं सरळ होतं की मी आधी कसं पाहिलं नाही याचंच नवल वाटलं. माझ्यापासून चार हातांवर सुआद बसली होती.

"शेख सलवान," मी म्हटलं, "सुआद इथे आहे. तिचा सोनार बसऱ्याला आहे, मोटार पाठवली तर दुपारपर्यंत येतो. त्यांचं लग्न लावा. लग्न लागलं की तुम्ही पसाक. मग गुरूचा पोशाख घाला आणि नदीत उतरा. हे बुजुर्ग शेख पाठ करतील. एका दिवसात पोरीचं घर बसेल आणि म्हातारा मोकळा होईल."

सुआदनं मान वर केली. तो चेहरा मला अजून आठवतो, तहानलेल्या माणसाचा. अबू जब्बारच्याही डोक्यात उजेड पडला. शेख हिरमिज नाहीत म्हणजे मुलगी आता कायमची घरात, हे त्याला बहुधा त्याच क्षणी कळलं. तो पुढे झाला, सलवानच्या पोशाखाला हात न लावता त्याच्या पायांशी बसला.

"शेख," तो म्हणाला, "एक पायरी उतरा. माझ्या पोरीचं घर उभं राहील. गाव तुम्हाला डोक्यावर घेईल."

सलवानचे कान लाल झाले होते.

"हे शब्द तुम्ही त्यांनाही म्हणाला होतात," तो म्हणाला. "मी तिथे होतो. दाराबाहेर बाकावर त्यांना चहा पिताना मी पाहिलंय. तुमच्या घरात त्यांचा पेला चिमट्यानं उचलायचे, तेही मला माहीत आहे. मी अमाऱ्याहून यायचो तेव्हा ते नदीवर एकटे आपल्याच ओळींना उत्तरं देत उभे असायचे. माझे शिक्षक होते ते."

"तुमचं तसं होऊ देणार नाही आम्ही," अबू जब्बार म्हणाला.

"होऊ द्याल."

मग मी बोलले. राग अनावर झाला होता. "गावाचं राहू द्या. तुम्ही काय केलंत? उत्तर अर्धं टाकून काठ कोण चढून गेलं?"

"मी," सलवान म्हणाला. आवाज चढवला नाही, मान झुकवली नाही. "सगळ्यांत आधी मीच गेलो. म्हणून तर मला नक्की माहीत आहे, उम्म सलाम. मी पसाक झालो तर माझा शिष्यही तसाच जाईल. जायलाच हवं, तसंच शिकवलंय मी त्याला. आणि मी असा मेलो, तर माझ्या जागी नदीत उतरायला कोण मिळेल?"

तो म्हणाला ते खरं होतं. शेखांना सोडवणारा माणूस आम्हाला मिळू नये, याची तजवीज आम्हीच इतकी वर्षं त्या बाकावर करत आलो होतो. रोज, चहाच्या वेळेला. कुठला शहाणा माणूस ते बघून पुढे येईल?

वृद्ध शेखनी पीठ नदीत सोडलं. दोघं मोटारीत बसून गेले. सुआद तशीच बसून होती. तिच्या बापानं तिला दंडाला धरून उठवलं. जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "खाला, माझं नाव तरी घ्यायचं नव्हतंस. नुसती आशा लावलीस." तिच्यावर मी रागावू शकले नाही. पुढे ती बसऱ्याला गेली, कचेरीत सह्या करून तिनं त्याच सोनाराशी लग्न केलं, आणि अबू जब्बारनं तिचं नाव घेणं सोडलं. आता तो स्वतःच दाराबाहेरच्या बाकावर बसतो, पण त्याला तिथून उठून आत जाता येतं.

गावानं माझ्याशी बोलणं टाकलं. नईम म्हणतो, "तुझं चुकलं नाही, पण झालं काय?" काय झालं ते मला रोज दिसतं. आमच्यात म्हणतात की वर जाणाऱ्या वाटेवर नाके असतात. तिथले पहारेकरी वाट अडवून उभे असतात आणि प्रत्येकाला विचारतात, नाव सांग, खूण सांग. शेख हिरमिजना ती सगळी उत्तरं पाठ आहेत, आख्ख्या मुलखात त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. पहिल्याच नाक्यावर ते उभे आहेत, ठिगळाच्या पट्टेरी अंगरख्यात. पहारेकरी त्यांना काही विचारतच नाहीत. ते फक्त कपडे बघतात आणि म्हणतात, बाजूला हो, मागच्याला येऊ दे.